फक्त मजकूर दाखवणारा ब्राउझर कसा वापरावा

बातमीचं एखादं पान उघडलं की आधी कुकीजची परवानगी, मग नोटिफिकेशन चालू करू का अशी विचारणा, मग आपोआप सुरू होणारा व्हिडिओ, आणि या सगळ्याच्या खाली कुठेतरी बातमी. टेक्स्ट ब्राउझरमध्ये यातलं जवळजवळ काहीच येत नाही, कारण त्याला जावास्क्रिप्ट (पानात दडलेल्या छोट्या प्रोग्रॅमची भाषा) सहसा चालवता येत नाही आणि चित्रंही तो आपणहून उतरवून घेत नाही. टर्मिनलच्या, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत मजकूर आणि लिंक, बस्स. कमी रॅमचा जुना लॅपटॉप असेल किंवा नेट रडतखडत चालत असेल, तर फरक पहिल्याच पानाला कळतो. मात्र रोजचा ब्राउझर काढून टाकायच्या भानगडीत पडू नका. वाचनापुरता दुसरा ब्राउझर जवळ ठेवायचा, एवढाच बेत असू द्या.

कोणता घ्यावा

सर्वात जुना लिंक्स (स्पेलिंग एल, वाय, एन, एक्स). तो १९९२ साली अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात तयार झाला आणि अजूनही त्याची देखभाल होते. डब्ल्यूथ्रीएम १९९५ च्या सुमाराचा, जपानच्या अकिनोरी इतो यांचा. ईलिंक्स त्या मानाने नवा. त्यात एस्केप दाबल्यावर वरती मेनू येतो.

माझं मत विचाराल तर डब्ल्यूथ्रीएमपासून सुरुवात करा. तक्ते तो रांगा-रकाने सांभाळून दाखवतो, लिंक्स मात्र तेच तक्ते बऱ्याचदा सपाट करून टाकतो. स्क्रीन रीडर किंवा ब्रेल डिस्प्ले वापरणाऱ्यांनी लिंक्स आधी पाहावा. त्याची मांडणी ओळीमागून ओळ अशी सरळ असते आणि कर्सर निवडलेल्या लिंकवर ठेवण्याची सोयही त्यात आहे. ब्राउश आणि कार्बोनिल अशीही दोन नावं कानावर येतील. ती आतून अनुक्रमे फायरफॉक्स आणि क्रोमियम (क्रोमचा पाया) हेच चालवतात, म्हणजे त्याच मशीनवर वापरली तर रॅम काही वाचत नाही.

बसवणं

खालच्या आज्ञा मी वाचायच्या उच्चारात लिहितो आहे. टाइप करताना रोमन लिपीत, सगळी अक्षरं लहान. ब्राउझरचं नाव म्हणजे डब्ल्यू, तीनचा आकडा आणि एम, मध्ये जागा न सोडता.

उबुंटू किंवा डेबियनवर टर्मिनल उघडून ‘सुडो (एस, यू, डी, ओ) एपीटी इन्स्टॉल’ आणि पुढे ब्राउझरचं नाव. फेडोरावर एपीटीच्या जागी डीएनएफ. मॅकवर होमब्रू हे सॉफ्टवेअर बसवायचं साधन असेल तर ‘ब्रू इन्स्टॉल’. विंडोजवर आधी डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) बसवून त्यातल्या उबुंटूमध्ये हेच करायचं. अँड्रॉइड फोनवर टर्मक्स अ‍ॅपमध्ये ‘पीकेजी इन्स्टॉल’.

पहिलं पान

ब्राउझरचं नाव, एक जागा, मग संकेतस्थळाचा पत्ता, आणि एंटर. इथली बटणं डब्ल्यूथ्रीएमची आहेत. सुरुवातीला विकिपीडिया घ्या, तो इथे छान चालतो. लेखाच्या आधी मेनूच्या लिंकची मोठी यादी येईल, तिला घाबरू नका. तिरकी रेघ (/) दाबा, लेखातला एखादा शब्द लिहा, एंटर मारा. थेट तिथे पोचाल. पुढच्या ठिकाणासाठी एन.

स्पेसबारने एक पान खाली, लहान बीने एक पान वर. टॅबने पुढच्या लिंकवर, एंटरने ती उघडायची. मागच्या पानावर परतायला मोठा बी, म्हणजे शिफ्ट धरून. पहिल्या दिवशी हमखास घोळ होतो तो इथेच: लहान बी दाबत राहायचं आणि हे मागे का जात नाही म्हणून वैतागायचं. मोठ्या यूने नवा पत्ता लिहिता येतो. लहान यू दाबलं तर कर्सरखालची लिंक नेमकी कुठे जाते ते खालच्या ओळीत दिसतं, आणि हे बटण मला फार मोलाचं वाटतं. ‘इथे क्लिक करा’ असं लिहिलेल्या लिंकमागचा खरा पत्ता न उघडता तपासता येतो. बाहेर पडायला क्यू, आणि विचारल्यावर वाय.

एवढ्यावर काम भागतं. नवा टॅब (मोठा टी), बुकमार्क (एस्केप दाबून सोडायचं आणि मग ए, यादीसाठी एस्केप आणि बी) वगैरे सवडीने. मोठा एच दाबला की सगळ्या बटणांची यादी येते.

शोध आणि फॉर्म

२०२५ च्या जानेवारीपासून गूगलने शोधासाठी जावास्क्रिप्ट लागेल अशी अट घालायला सुरुवात केली, त्यामुळे तिथे डोकं आपटू नका. डकडकगोची हलकी आवृत्ती लाइट डॉट डकडकगो डॉट कॉम या पत्त्यावर आहे, ती अशा ब्राउझरांत चालते.

तिथे शोधाची चौकट दोन चौकोनी कंसांच्या रूपात दिसेल. कर्सर तिच्यावर नेऊन थेट टाइप करू लागलात तर डब्ल्यूथ्रीएम प्रत्येक अक्षर आज्ञा समजेल आणि पान भलतीकडे उड्या मारेल. आधी चौकटीवर एंटर दाबा. स्क्रीनच्या तळाशी लिहायला ओळ उघडेल. शब्द लिहा, पुन्हा एंटर. मग टॅबने शोधाच्या बटणावर जा आणि तिसऱ्यांदा एंटर. लिंक्समध्ये उलट आहे: चौकटीत पोचलात की सरळ लिहायला लागायचं, आणि खालच्या बाणाने बाहेर पडायचं. दोन्ही आलटूनपालटून वापरणाऱ्याची बोटं इथे अडखळतातच.

लिंक्स कुकीबद्दल दर वेळी विचारतो. नुसत्या वाचनाला कुकी क्वचितच लागते. व्ही दाबलं की त्या संकेतस्थळासाठी ‘कधीच नको’ अशी नोंद होते.

जिथे गाडी अडते

बँकेचे व्यवहार, नकाशे, व्हिडिओ, ऑनलाइन ऑफिसची कामं यांसाठी नेहमीचाच ब्राउझर. ‘तुम्ही माणूस आहात ना?’ असं तपासणारी पानंही बहुतेक वेळा पुढे सरकू देत नाहीत. काही ठिकाणी पान कोरं येतं किंवा जावास्क्रिप्ट चालू करा एवढंच वाक्य दिसतं. अशा वेळी झटापट न करता डब्ल्यूथ्रीएममध्ये मोठा एम दाबा, तेच पान नेहमीच्या ब्राउझरमध्ये उघडेल. तो कोणता हे एकदा ओ दाबून पर्यायांच्या पानावर ठरवून ठेवावं लागतं. ही सोय लावून ठेवली नाही तर माणूस कंटाळून टेक्स्ट ब्राउझरच सोडून देतो.

खासगीपणाबद्दल बरेच गैरसमज आहेत. माग काढणाऱ्या स्क्रिप्ट इथे चालत नाहीत हे खरं, पण तुमचा आयपी पत्ता, म्हणजे तुमच्या नेट-जोडणीचा क्रमांक, संकेतस्थळाला दिसतोच. शिवाय ब्राउझर स्वतःचं नावही कळवतो, आणि इतक्या विरळ नावाचा ब्राउझर वापरणारा वाचक गर्दीत उलट उठून दिसतो.

मराठी पानं

इथे जरा हिरमोड होण्याची शक्यता आहे. टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठरावीक मापाचे चौकोन देतं. देवनागरीतली जोडाक्षरं आणि वेलांट्या त्या मापात बसत नाहीत. मग पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाते, रफार भलत्याच डोक्यावर बसतो. प्रश्नचिन्हं किंवा निरर्थक चिन्हंच दिसत असतील तर गोष्ट वेगळी: टर्मिनलची भाषासेटिंग यूटीएफ-८ (देवनागरीसह सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत) आहे का ते पाहा, आणि लिंक्समध्ये ओ दाबून दर्शनाचा वर्णसंचही (डिस्प्ले कॅरॅक्टर सेट) तोच निवडा. अक्षरं ओळखू येतात पण मोडकी दिसतात, असं असेल तर एमएलटर्म हे अनेक लिप्यांसाठीच बनवलेलं टर्मिनल बसवून पाहा.

तेही जमलं नाही तर ब्राउझरला पान फक्त उतरवायला लावा. ब्राउझरचं नाव, मग डॅश जोडून डम्प (डी, यू, एम, पी), मग पत्ता, मग ‘पेक्षा मोठे’ची खूण (>) आणि फाइलचं नाव. सगळा मजकूर साध्या फाइलमध्ये जाऊन बसतो. ती नेहमीच्या एडिटरमध्ये उघडली की वेलांट्या जागच्या जागी असतात, फॉन्ट हवा तेवढा मोठा करता येतो आणि नेट बंद असलं तरी वाचता येतं. लांबलचक लेखांसाठी मी हाच मार्ग धरतो. लिंक्सने उतरवलं तर शेवटी सगळ्या लिंकची क्रमांकांसह यादीही मिळते. ती नको असेल तर आज्ञेत डॅश लावून नोलिस्ट असा एक शब्द वाढवा.