हिवाळी पिकांसाठी सल्ला : फवारणी आणि पाणी रात्रीचे आकाश पाहून ठरवा

हिवाळा म्हणजे निरभ्र आकाश, सकाळी दव आणि दुपारी कोरडे ऊन, असे धरून आपण पाण्याच्या पाळ्या आणि फवारण्या ठरवत आलो. आता या हिशेबावर विसंबता येत नाही. हवा १ अंश सेल्सिअसने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावते. पण म्हणून ढग सगळीकडे वाढतीलच असे नाही. ढग धरायला हवा वर जाऊन थंड व्हावी लागते, आणि तापमानवाढीत वाऱ्यांचे व वादळांचे मार्गही सरकतात. ध्रुवाकडच्या समुद्रावरचा बर्फ घटला की तिथे थंडीच्या तोंडावर सखल ढग वाढतात; उपोष्ण समुद्रांवरचे सखल ढग मात्र विरळ होण्याकडे कल आहे. आयपीसीसी या हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार ढगांतले बदल एकंदरीत तापमानवाढीत भरच घालतील, तरी या सगळ्या गणितातला सर्वांत अनिश्चित भाग ढगच आहेत. म्हणून मागच्या हंगामाच्या तारखा पुढच्या हंगामाला लावू नका.

पिकाला दिवसाच्या ढगापेक्षा रात्रीचा ढग जास्त भोवतो. दिवसा ढग ऊन अडवतो. रात्री तोच जमिनीतून निघणारी उष्णता परत खाली पाठवतो आणि किमान तापमान चढते ठेवतो. उबदार रात्री पिकाचा श्वसनावरचा खर्च वाढतो, गहू लवकर ओंबीवर येतो आणि दाणा भरायला दिवस कमी पडतात. सफरचंद, पीच यांसारख्या झाडांना पुरेसे थंड तास मिळाले नाहीत तर कळ्या मागेपुढे फुटतात. नवी लागवड करणाऱ्यांनी कमी थंडीवर भागणाऱ्या जातींचा विचार आताच करावा.

सगळ्यांत फसवी असते ती मध्येच उघडणारी रात्र. एकदा रात्री दहाला आकाश भरलेले पाहून मी निर्धास्त झोपलो. पहाटे तीनच्या सुमारास ढग पांगले, वारा पडला आणि उजाडेपर्यंत सखल भागातल्या रोपांचे शेंडे काळे पडले होते. ते शेंडे हातात घेतले तेव्हाचा मऊ, उकडल्यासारखा स्पर्श अजून आठवतो. तेव्हापासून थंडीची लाट असताना ढगांच्या भरवशावर मी राहत नाही. अशा रात्रीच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत हलके पाणी द्या; ओली जमीन दिवसाची उष्णता साठवते आणि रात्री सोडते. कोरड्या काडीकचऱ्याचे जाड आच्छादन असेल तर ती उष्णता वर येत नाही. त्या रात्रीपुरते ते ओळींतून बाजूला सारलेले बरे.

रोगांसाठी एक गोष्ट लक्षात ठेवा: पान किती तास ओले राहिले. दव पडते निरभ्र, शांत रात्री. रात्र मोकळी आणि सकाळ ढगाळ, असा जोड आला की दव उडत नाही आणि करपा, केवडा, तांबेरा या रोगांना हवा तेवढा वेळ मिळतो. सकाळी नऊला खालच्या पानांवरून बोट फिरवा. बोट ओले होत असेल तर पान उलटून पाहा. केवड्याची पांढुरकी बुरशी बहुधा खालूनच दिसते. भुरीला, म्हणजे पानावर पांढरी भुकटी धरणाऱ्या रोगाला, पानावर पाणी लागत नाही, दमट हवा आणि सावली पुरते, म्हणून पान कोरडे दिसले तरी भुरी नाही असे समजू नका. बटाट्याच्या उशिराच्या करप्यासाठी ब्रिटनमध्ये हटन निकष वापरतात: सलग दोन दिवस किमान तापमान १० अंशांच्या खाली न जाणे आणि दोन्ही दिवशी किमान ६ तास ९० टक्के किंवा अधिक आर्द्रता. ढगाळ, उबदार रात्रींत हा निकष सहज पुरा होतो.

ढग दिसले की लगेच पंप पाठीवर घेण्याची घाई मात्र नको. ओल्या पानावर औषध पातळ होऊन ओघळते. पान सुकल्यावर, लेबलवरच्या मात्रेने फवारा आणि एकाच गटाचे बुरशीनाशक पाठोपाठ वापरू नका. त्याआधी दाट फांद्या, खालची पिवळी पाने काढा; हवा खेळली तर पान लवकर सुकते, आणि माझ्या मते पहिल्या फवारणीइतकेच हे काम मोलाचे आहे.

ढगाळ दिवसांत बाष्पीभवन घटते, पिकाची तहानही घटते. पाळी आली म्हणून पाणी सोडू नका. मूठभर माती दाबून पाहा. गोळा होत असेल तर थांबा. नत्राचा हप्ताही पुढे ढकला, कारण कमी उन्हात नत्र मिळाले की वाढ लुसलुशीत होते आणि मावा तिथेच बसतो. हरितगृहाचा प्लास्टिक कागद धुऊन घ्या. हिवाळ्यात आत येणारा थोडासा उजेडही उत्पन्नात दिसतो. फुलोऱ्यातल्या पिकात मधमाश्या ढगाळ, गार वेळी बाहेर पडत नाहीत, म्हणून ऊन निघेल ते तास फवारणीसाठी घेऊ नका.

रात्री झोपताना आणि पहाटे उठल्यावर आकाशाचे मनाने आठ भाग करा आणि किती भाग ढगांनी झाकलेत ते वहीत लिहा. शेजारी किमान तापमान आणि पान सुकल्याची वेळ टाका.