तळपायाची आग होतेय? आधी बघा नस दबलीये का

तळपाय दुखतो म्हटलं की घरातलं कोणीतरी लगेच सांगणार, टाचेचं हाड वाढलंय, गरम पाण्यात पाय बुडव. पण आग होतेय, मुंग्या येतायत, मधेच करंट बसल्यासारखी चमक जातेय, तर नसेचा संशय घ्या. प्लांटर फॅशिआयटिसमध्ये, म्हणजे टाचेपासून बोटांकडे जाणारा तळव्याखालचा पट्टा दुखावला की, सकाळचं पहिलं पाऊल टाकताना जीव जातो, मग जरा चाललं की बरं वाटतं. नसेचं दुखणं बहुतेक वेळा उभं राहून वाढतं, आणि रात्री आडवं पडलं तरी आग चालूच.

घोट्याच्या आतल्या बाजूला हाड हाताला लागतं ना, त्याच्या मागच्या अरुंद जागेतून टिबियल नस तळपायात उतरते, ती तिथे दबली की टार्सल टनेल सिंड्रोम. सपाट पाऊल, जुनी मुरगळ, गाठ, फुगलेल्या शिरा, काहीही कारण असू शकतं. तिथे बोटाने हलकेच टकटक करा, तळव्यात झिणझिण्या गेल्या तर डॉक्टरांना नक्की सांगा. तिसऱ्या-चौथ्या बोटांमधे खडा टोचल्यासारखं होत असेल तर ते वेगळं, मॉर्टन्स न्यूरोमा, म्हणजे बोटांमधली नस जाड होणं, त्याला पुढून निमुळते बूट आधी बंद.

करायचं काय? ढोलपथकाची प्रॅक्टिस, सिंहगड, जे काय दुखणं वाढवतं ते थोडे आठवडे कमी करा, पूर्ण झोपून राहायची गरज नाही. बूट पुढून रुंद, आतून कमानीला आधार असलेले. पावलाच्या वरच्या बाजूला दुखत असेल तर लेस दुखऱ्या जागेवरच्या भोकांतून घालूच नका, साधा उपाय आहे पण कोणी करत नाही. सूज असेल तर बर्फ कापडात गुंडाळून १०-१५ मिनिटं, पण पाय बधिर असेल तर बर्फही नको आणि गरम पाणीही नको, भाजलेलं कळतच नाही. आणि दुखऱ्या जागेवर बाटली, बॉल रगडू नका, दबलेल्या नसेला अजून दाबून काय मिळणार!

दोन्ही पायांची सारखीच आग होत असेल तर आधी शुगर आणि बी-१२ तपासा. कंबरेपासून कळ येत असेल तर मूळ मणक्यात असू शकतं. काही आठवड्यांत फरक नाही पडला तर ऑर्थोपेडिककडे जा, ते बहुधा एनसीव्ही (नसेतून करंट किती वेगाने जातो ते बघणारी टेस्ट), सोनोग्राफी किंवा एमआरआय सांगतील, पुढे इंजेक्शन, ऑपरेशन अगदी शेवटी.

पाऊल वर उचलत नाहीये, चप्पल पायातून निसटतेय, बधिरपणा वर चढतोय, तर त्याच दिवशी दाखवा. सोबत लघवीवरचा ताबा गेला असेल तर सरळ इमर्जन्सीत.