वीस मिनिटांचं ऑपरेशन, चार तासांची भूल: स्पायनलमधल्या या चुका टाळा

मूळव्याधीचं ऑपरेशन वीस मिनिटांत उरकलं, सर्जन जेवूनही आले, आणि पेशंट अजून विचारतोय, "डॉक्टर, पाय कधी हलणार?" संध्याकाळी लघवी तुंबली, कॅथेटर घालावा लागला, घरी जाणं दुसऱ्या दिवसावर गेलं. केस माझीच, भूल स्पायनल, म्हणजे पाठीच्या कण्यात सुई टोचून कमरेखालचा भाग बधिर करणारी. हेवी ब्युपिवाकेन (कण्यातल्या द्रवापेक्षा जड केलेलं भुलीचं औषध) ३ मिली, म्हणजे १५ मिग्रॅ दिलं होतं. का? हाताला सवय, दुसरं काही नाही.

मूळव्याधीला सॅडल ब्लॉक, म्हणजे फक्त बसण्याच्या जागेपुरती भूल, पुरतो: ०.८ ते १ मिली हेवी द्यायचं आणि पेशंटला पाच मिनिटं बसवून ठेवायचं. घाईने आडवं केलंत तर औषध वर सरकतं आणि हवा तिथला ब्लॉक कच्चा राहतो. हर्नियाला मात्र ही काटकसर नको. तिथे डोस कापला की पेशंट मध्येच कण्हायला लागतो.

क्लोरोप्रोकेन (लवकर उतरणारं भुलीचं औषध) १ टक्का, ४० ते ५० मिग्रॅ, छोट्या केसला छान; पाय साधारण दीड तासात मोकळे होतात. पण सर्जनचं 'अर्धा तास' खरोखर किती असतं, ते त्याच्या टीमला विचारा! भूल झटकन उतरते, म्हणून पॅरासिटामॉल आधीच सुरू करा. कुपी स्पायनलसाठीचीच, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेली हवी. १९८० च्या दशकात मज्जातंतूंना इजा झाल्याच्या केसेसनंतर या औषधावर संशय आला, त्यात बायसल्फाइट या प्रिझर्व्हेटिव्हचंही नाव होतं. हेवी लिग्नोकेन हे भुलीचं तिसरं औषध मी सोडून दिलं. ब्लॉक उतरल्यावर, कधी दुसऱ्या दिवशी, कुल्ले-मांड्या ठणकतात, लिथोटॉमीत (पाय वर टांगलेल्या स्थितीत) जास्तच.

आता सगळ्यात जास्त दिसणारी चूक. स्पायनलनंतर पाचेक मिनिटांत पेशंट जांभई देतो, म्हणतो "मळमळतंय". लगेच कुणीतरी ऑनडॅनसेट्रॉन, उलटीचं इंजेक्शन, भरतं. अहो, आधी बीपी बघा! वरचा आकडा ७० पर्यंत घसरलेला असतो. बीपी वाढवणारं मेफेंटर्मिन ६ मिग्रॅ दिलं, बीपी चढलं, की मळमळ बहुतेक वेळा आपोआप जाते. नाडीही ४५ पर्यंत उतरलेली असेल तर बीपी वाढवणाऱ्या फिनाइलेफ्रिनने ती आणखी पडेल, तिथे नाडी वाढवणारं अ‍ॅट्रोपिन. पहिली १५ मिनिटं बीपीचा पट्टा दर दोन मिनिटांनी फुगू द्या, मोबाइल खिशात.

स्पायनलमध्ये फेंटानिल (अफूच्या वर्गातलं वेदनाशामक) मिसळलंत तर नाकाला खाज सुटू शकते. अ‍ॅव्हिल, अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन, दिल्याने पेशंट पेंगतो, खाज राहते. त्याच वर्गातलं मॉर्फिन तर त्याच दिवशी घरी जाणाऱ्याला नकोच. श्वास कित्येक तासांनी मंदावू शकतो.

आणि अ‍ॅम्प्यूल, म्हणजे औषधाची काचेची कुपी. हेवी ब्युपिवाकेनऐवजी चुकून ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिड (रक्तस्राव थांबवणारं औषध) पाठीत गेल्याने झटके आणि मृत्यू झाले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये त्याबद्दल इशाराही दिला. माझ्या स्पायनल ट्रॉलीवर ती कुपी येतच नाही, आणि भरण्याआधी लेबल सिस्टर मोठ्याने वाचतात.