घरच्या वस्तूंनी साफसफाई करताना या चुका टाळा

जळगाव-भुसावळकडे ज्या घरात बोअरचं पाणी येतं, तिथे नळ, बादल्या, बाथरूमच्या टाइल्स सगळ्यांवर पांढरा थर चढतो. तो काढायला लिंबू किंवा व्हिनेगरसारखा स्वस्त उपाय नाही. नळाला व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा तास गुंडाळा, घासा, साध्या पाण्याने धुवा. रात्रभर मात्र ठेवू नका, नळाची चकाकी जाते.

खरं नुकसान होतं ते हेच लिंबू स्वयंपाकाच्या ओट्यावर आणि फरशीवर फिरवल्याने. आपल्याकडे ओटा बहुतेक काळ्या कडप्प्याचा आणि जुन्या घरांत फरशी शहाबादी. हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत, आणि पाण्याचा तो पांढरा थरही मुख्यतः त्याच जातीचा. आंबट पदार्थ थर विरघळवतो तसाच दगडही विरघळवतो. ओट्यावर फिकट, खडबडीत डाग पडतो. संगमरवर, कोटा आणि मोझॅकच्या लाद्यांचंही तेच. हा डाग मळाचा नसतो, दगडाचा वरचा पापुद्राच गेलेला असतो, म्हणून कितीही घासलं तरी निघत नाही. पॉलिशच करून घ्यावं लागतं. दगडाला कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे चार थेंब पुरतात. लिंबू पिळताना रस सांडला तर लगेच पुसा.

उन्हाळा तोंडावर आला की कुलर निघतात. टाकीत लिंबूसत्त्वाचं पाणी भरून ठेवायचा मोह होतो, पण पत्र्याच्या कुलरला तो महागात पडतो. आंबट पाणी पत्र्यावरचा जस्ताचा मुलामा खातं आणि पुढच्या वर्षी टाकी गंजते. आधी प्लग काढा, पंप सोडवा आणि तो बादलीत लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवा. टाकी नारळाच्या काथ्याने किंवा प्लास्टिकच्या ब्रशने घासा.

खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतले की फसफसतं, आणि आपल्याला वाटतं मळ निघतोय. तो फेस नुसता वायू असतो. दोघं एकमेकांना मारतात आणि मागे जवळजवळ खारं पाणीच उरतं. दोन्ही वापरायचेच तर वेगवेगळे, मध्ये धुऊन. शेवभाजीच्या तर्रीने चिकट झालेल्या टाइल्सना व्हिनेगर नको, गरम पाण्यात धुण्याचा सोडा हवा. हातमोजे घाला, त्याने कातडी सोलवटते.

धुण्याचा सोडा अॅल्युमिनियमच्या पातेल्यात मात्र कधीच नको, पातेलं काळं पडतं. पडलंच असेल तर त्यात पाणी आणि थोडी चिंच घालून दहा-पंधरा मिनिटं उकळा, बराचसा काळेपणा उतरतो. तांब्या-पितळेला चिंच-मीठ उत्तम, पण लावून विसरू नका आणि कल्हईच्या बाजूला लावू नका.

आता जिवावर बेतणारी चूक. ब्लिचिंग पावडर किंवा ब्लीचच्या पाण्यात लिंबू, व्हिनेगर, टॉयलेटचं ॲसिड, काहीही मिसळायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि आपल्याकडची न्हाणीघरं लहान, खिडकी एकच. डोळे चुरचुरले, ठसका लागला की बादली उचलायला थांबू नका. आधी बाहेर या, बाहेरून दारं उघडी टाका. खोकला थांबत नसेल किंवा श्वास अडखळत असेल तर सरळ दवाखाना गाठा. उद्या पुन्हा साफसफाई करता येईल.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ज्यावर मांडे भाजतात ते मातीचं खापर साबणाने धुऊ नका. माती साबण पिते आणि तो पुढच्या मांड्यात उतरतो. ओल्या फडक्याने पुसा, चिकटलेलं राखेने हलकेच घासा. उन्हात पूर्ण सुकल्याशिवाय चुलीवर चढवू नका, ओलं खापर तापलं की तडकतं.