कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो: जेट नको, आधी नीडल बघा

इंदूरच्या उन्हात महिनोन्महिने उभी असलेली जुनी टू-स्ट्रोक स्कूटर. पेट्रोलचा कॉक उघडताच कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल-हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) खालून पेट्रोल टपटप. लोक लगेच जेट (पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा भाग) बदलतात; जेटचा इथे संबंधच नाही. फ्लोट, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलवर तरंगणारा पोकळ भाग, कानाशी हलवला. आत पेट्रोल खळखळलं असतं तर बदलावाच लागला असता, पण तो कोरडा निघाला. दोष नीडलचा (फ्लोट वर आला की पेट्रोलची वाट बंद करणारी सुई): टोकावर झिजून गोल खाच, आणि सीटवर (नीडल जिथे टेकते ती जागा) वाळलेल्या पेट्रोलचा चिकटा. इअरबडवर पितळेचं पॉलिश घेऊन सीट हलकेच घासली, पेट्रोलने धुतली (सँडपेपर चुकूनही नको). नवी नीडल घालून कार्ब्युरेटर उलटा धरला, इनलेटमधून फुंकलं. हवा अडली, म्हणजे नीडल बसली. शेवटी प्लग बाहेर, प्लगची कॅप लांब, कॉक बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा. 8-10 किकमध्ये क्रँककेसमधलं (इंजिनच्या खालच्या पोकळीतलं) साचलेलं पेट्रोल निघालं.