लाल थेंब कुठून येतोय?

ऐरोलीत खाडीच्या वाऱ्यात उभी असलेली माझी १७ वर्षांची ऑटोमॅटिक गाडी. खाली लाल डाग दिसला तेव्हा वाटलं, इंजिन थंड ठेवणारं कूलंट असेल. बोटावर घेतलं तर तेलकट, गिअरबॉक्सचं तेल! आठवडाभर मी गिअरबॉक्सचं तेल अडवणाऱ्या रबरी सीललाच शिव्या घालत होतो.

शेवटी पुठ्ठा अंथरून इंजिन चालू ठेवलं. गिअरबॉक्सचं तेल थंड व्हायला रेडिएटरकडे नेणाऱ्या लोखंडी पाइपाला क्लिपखाली गंजून बारीक भोक पडलं होतं. तेल पाइपावरून ओघळत मागे जाऊन टपकायचं, म्हणून फसलो.

गॅरेजवाला म्हणाला, "साहेब, इपॉक्सी लावून देतो." नको म्हटलं, गरम तेलाच्या दाबापुढे तो गोंद किती टिकणार? सडका तुकडा कापला, दोन्ही टोकांची कड फ्लेअरिंग टूलने जराशी उचलली (नाहीतर होज, म्हणजे रबरी नळी, सटकतो) आणि ऑटोमॅटिकच्या तेलाला चालणारा होज क्लिपांनी आवळला. कूलंटचा होज अजिबात लावू नका, तेलाने फुगतो.

मॅन्युअलमध्ये दिलेलंच तेल अर्धा लिटर लागलं. माझ्या गाडीत या तेलाची पातळी दाखवणारी डिपस्टिक इंजिन गरम आणि चालू असताना, लिव्हर पार्किंगवर ठेवून बघायची असते.

पुठ्ठा अजून तिथेच आहे. चौथा दिवस, कोरडा.