काउंटिंग एजंट म्हणून पहिल्यांदाच बसताय?

२०१९च्या विधानसभेला मी मतमोजणीत पहिल्यांदा एजंट होतो, म्हणजे मोजणीवर नजर ठेवणारा उमेदवाराचा माणूस. टेबल क्रमांक ९. तिसऱ्या फेरीअखेर आमचा माणूस चार हजारांनी पुढे. बाहेर पोरांनी गुलालाची पोती फोडली. संध्याकाळी गुलाल दुसऱ्याच्याच कपाळावर. कुठली गावं मोजून झालीत, हेच मी पाहिलं नव्हतं.

म्हणून आदल्या रात्री मतदान केंद्रांची यादी घेऊन बसा. साधारणपणे चौदा टेबलं असतात आणि यंत्रं केंद्राच्या क्रमाने येतात: पहिल्या फेरीत १ ते १४, दुसरीत १५ ते २८. आमच्याकडे ३३६ केंद्रं, म्हणजे २४ फेऱ्या. प्रत्येक फेरीपुढे गावांची नावं लिहा. आपला पट्टा कुठला, समोरच्याचा कुठला, तेही लिहा. मग दहाव्या फेरीच्या लीडने छाती धडधडत नाही. तालुक्याचं गाव अजून पेटीत आहे, हे तुम्हाला ठाऊक असतं. त्या वर्षी आमचा पट्टा पहिल्या चार फेऱ्यांतच संपला होता.

दुसरं, नमुना १७-सी, म्हणजे केंद्रावर किती मतं पडली याचा हिशेब. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष बूथवरच्या एजंटला याची प्रत देतो. दमलेले कार्यकर्ते ती खिशात घालतात आणि शर्ट धुवायला टाकतात. त्याच रात्री गोळा करा. मोजणीच्या टेबलावर कंट्रोल युनिटचा (मतं साठवणारा ईव्हीएमचा भाग) क्रमांक, सील आणि एकूण मतं तिच्याशी ताडून बघा. जाळीपलीकडून आकडा नीट दिसला नाही, तर पुन्हा दाखवायला सांगा. भिडस्त माणसाचं हे काम नाही. बेरीज जुळली नाही, तर ते यंत्र बाजूला ठेवतात; तशी नोंद झाली का, तेवढं पाहा.

मोबाइल आत नेता येत नाही. बरंच आहे. सकाळी ८ला टपाली मतं उघडली की टीव्हीवर लगेच आघाड्या सुरू होतात. तुम्ही वही आणि पेन सांभाळा.

शेवटची फेरी झाली की अर्धे एजंट चहाला पळतात. तुम्ही थांबा. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या (मत दिल्यावर यंत्रातून छापून पडणारे कागद) मोजायच्या राहिलेल्या असतात. २०२४ला मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांनी लागला, साकोलीत नाना पटोले २०८ मतांनी आले. एवढ्या फरकात बाद टपाली मतंसुद्धा भारी पडतात. बाद मतं फरकापेक्षा जास्त असतील, तर ती पुन्हा तपासावी लागतात.

फेरमोजणी हवी असेल, तर अंतिम बेरीज वाचल्यावर आणि निकाल जाहीर होण्याआधी लेखी अर्ज द्यावा लागतो, कारणांसह. मधे मिळतात जेमतेम काही मिनिटं. अर्जाचा कच्चा मसुदा उमेदवाराच्या खिशात सकाळीच ठेवा. हरताना वाक्यं सुचत नाहीत.